चिऱ्याच्या घरातली लॅन: भिंतीतली केबल दुरुस्त करू, की सरळ वायफायवर जाऊ?

माजघर

घर देवरुखजवळ, चिऱ्याचं. ओटी, माजघर, देवघर आजोबांच्या वेळचं, भिंती दीड फुटी. मागच्या पडवीवर २०१९ ला स्लॅब टाकून वर एक खोली काढली, ती आता माझं ऑफिस. पुण्याच्या कंपनीसाठी जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशांचं, काम करते. दिवसभर मीटिंगा, आणि मधून मधून दोन-तीन जीबीच्या फायली चढवायच्या. फायबर खांबावरून ओटीवर येतं, ओएनटी (फायबर ज्यात येऊन लागतं ती डबी) आणि राउटर तिथेच मीटरशेजारी. प्लॅन ३०० एमबीपीएसचा.

खोली बांधली तेव्हाच इलेक्ट्रिशियनकडून तीन लॅन केबली टाकून घेतल्या. तिन्ही त्रास देतात, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

माझ्या खोलीची केबल: स्पीड टेस्ट ९३-९४ च्या वर जातच नाही. लॅपटॉपवर लिंक (दोन टोकांनी आपसात ठरवलेला वेग) कधी १००० दिसते, लगेच तुटते, मग १०० येते. पावसाची झड लागली की "केबल अनप्लग्ड" चा धोशा. तोच लॅपटॉप ओटीवर राउटरला थेट जोडला की २९० मिळतात. पॅचकॉर्ड बदलून झाली, राउटरचा पोर्ट बदलून झाला.

माजघरातल्या टीव्हीची केबल: लिंक १००० दाखवते, पण स्पीड ३०-४० वर घुटमळतो. लॅपटॉप लावून पाहिलं, टीव्हीचा दोष नाही.

तिसरी मागच्या दाराने बाहेर पडून आंब्याच्या पॅकिंग शेडपर्यंत जाते, साधारण ६० मीटर. तिथे कॅमेरा आहे, त्याला वीजही याच केबलीतून. दिवसभर झकास चालतो, काळोख पडला की बंद-चालू, बंद-चालू.

गावातल्या केबलवाल्याकडून आठ दिव्यांचा टेस्टर मागून आणला. खोलीच्या केबलीला ७ नंबर लागत नाही आणि ८ लुकलुकतो. टीव्हीच्या केबलीला मात्र आठही दिवे ओळीने लागतात. मग ती का रडते?

वायफाय माजघर ओलांडलं की संपलं. वर खोलीत २.४ गिगाहर्ट्झची एक काडी, ५ चं नावच नाही.

बाबांचं म्हणणं, "भिंतीला छिन्नी लावायची नाही, गणपतीला रंग दिलाय." आता मेश (एकमेकांना जोडलेले दोन-तीन वायफाय नोड) घेऊ, ते लाईटच्या सॉकेटमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर घेऊ, की याच केबलींमागे लागू? बजेट दहा-बारा हजार.

भटक्या_सातारकर

दोन नोडचा मेश सेट घ्या आणि मोकळ्या व्हा. माझ्या थ्री-बीएचकेत एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये, कोपरान् कोपरा कव्हर होतो. केबल, क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) या भानगडीत आता कोण पडतं?

माजघर

@भटक्या_सातारकर, तुमच्या फ्लॅटच्या आतल्या भिंती चार-सहा इंची असतील. माझ्या वाटेत दोन दीड फुटी चिरे आणि वर स्लॅब. शेजारच्या वाडीतल्या काकांनी मेश घेतला होता. दुसरा नोड त्यांनी जिथे नेट येत नाही तिथेच ठेवला, त्यामुळे नोडलाच नेट येईना. तो आता कपाटावर आहे.

क्रिंपिंगवाला

ताई, मेशचं नंतर बघू. सांगलीकडे केबलिंगची कामं घेतो, कॉलेजं, दवाखाने, सूतगिरण्या. लोकांचा पहिला राग राउटरवर निघतो, दुसरा नेट कंपनीवर. तुम्ही लॅपटॉप राउटरला थेट लावून बघितलात, अर्धं काम तिथेच झालं.

आधी खोलीची केबल. ९३-९४ हा आकडा बघितला की मी स्पीड टेस्ट बंद करतो आणि पक्कड काढतो. १०० च्या लिंकवर वरखर्च जाऊन हातात तेवढेच उरतात. केबलीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या. १०० ला दोनच लागतात, पिन १-२ आणि ३-६. १००० ला चारही. तुमची ७-८ गेलीय. पण राउटर आणि लॅपटॉपची आपसातली बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरून होतात आणि त्या धड आहेत, म्हणून दोघं ठरवतात की १००० ने जाऊ. चालू करायला जावं तर चौथी जोडी जाग्यावर नाही. लिंक पडते, पुन्हा बोलणी, पुन्हा पडते, शेवटी कंटाळून १०० वर येते. पावसात ७-८ थोडी जुळते, थोडी सुटते, म्हणून तेव्हा जास्त तमाशा.

मीटिंग वाचवायची तर आजच्या आज एक करा. कुणाकडे तरी जुना, फक्त १०० चा नेटवर्क स्विच धूळ खात पडलेला असतो. तो खोलीत, भिंतीतली केबल आणि लॅपटॉप यांच्या मध्ये लावा. त्याला १००० ठाऊकच नाही, त्यामुळे बोलणी थेट १०० वर मिटतात आणि लिंक ठरून राहते. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात, शंभरात तुमच्या मीटिंगा आरामात होतील. विंडोजमध्ये जाऊन "१०० फुल डुप्लेक्स" ठोकून देऊ नका, कुणीतरी तो सल्ला देईलच. एकाच टोकाने हट्ट धरला की समोरचं टोक हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं) धरून बसतं. मग लिंक दिसते पण पॅकेट आपटत राहतात, आणि ते दुखणं शोधायला जास्त वेळ जातो.

आता टीव्हीची. इथेच बहुतेक जण फसतात, कारण टेस्टर "सगळं बरोबर" म्हणतो. तो टेस्टर एवढंच बघतो की या टोकाची ३ नंबरची तार त्या टोकाला ३ नंबरलाच निघाली का. ती कुणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळत नाही. माझा अंदाज, तुमच्या माणसाने रंग जोडीजोडीने लावलेत: नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. दिसायला सुबक. पण पिन ३ आणि ६ ही एक जोडी असायला हवी, आणि या पद्धतीत ३ ला हिरव्या जोडीतली एक तार येते, ६ ला निळ्या जोडीतली. दोन वेण्यांतला एकेक पेड उपसून तिसरी वेणी घालावी तसं. तारांना पीळ दिलेला असतो तो शेजारच्या जोडीचा आवाज मारायला. पीळच चुकीच्या तारेशी असेल तर ३-६ आणि ४-५ एकमेकांत बडबडतात. लिंक येते, डेटा खराब होतो, पुन्हा पाठवावा लागतो, स्पीड ३०-४०.

बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा टी५६८बी. ए पण चालतो, दोन्ही टोकांना एकच ठेवा म्हणजे झालं.

कॅमेरा रात्रीच का पडतो? काळोख झाला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, ६० मीटर केबलीत व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो. दिवे विझले की परत जीव येतो, परत दिवे लागतात. तांब्याच्या चांगल्या केबलीवर ६० मीटरला ४८ व्होल्टचा पीओई (लॅन केबलीतूनच वीज द्यायची पद्धत) हे सहज पेलतो. तुमच्याकडे पेलत नाही म्हणजे एक तर पीओईच्या नावाखाली १२ व्होल्ट सोडलेत, नाही तर केबल तांब्याची नाही. माझा संशय दोन्हीवर.

बॉक्स उघडून मला रंग सांगा. एका तारेवर ब्लेड घासा आणि तांब्याखाली पांढरं निघतं का बघा. मल्टीमीटर असेल तर एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. २० मीटरला अस्सल तांबं साडेतीनच्या आसपास दाखवतं, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर पाचच्या वर जातं. मोजायच्या आधी केबल राउटरमधून काढा, आणि मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून येणारा आकडा वजा करा.

आणि हे पहिलं करा: मेन बंद. आपल्याकडे लॅनची केबल लाईटच्या पाईपातून घुसवायची खोड आहे. प्लेटीमागे २३० व्होल्टचा उघडा जोड निघालेला मी पाहिलाय.

माजघर

दादा, मेन बंद केलं, बाबांना टॉर्च घेऊन उभं केलं आणि सगळ्या प्लेटी काढल्या. लॅनचा पाईप वेगळा आहे, तेवढं बरं.

टीव्हीच्या दोन्ही टोकांना तुम्ही म्हणालात तस्साच जोडीजोडीचा क्रम. बाहेर आवरणावर ठळक "कॅट-६" छापलंय. ब्लेड घासलं तर तांब्याचा रंग निघून आला आणि खाली चकचकीत पांढरं. २० मीटरची केबल, निळ्या जोडीचे ५.४ आले.

वरच्या खोलीच्या बॉक्समध्ये मागे ओल आहे. तपकिरी तारांवर पांढरी भुकटी, त्यातली एक बोट लागताच तुटली. पण खरी गंमत पुढे. मी केबल ओढून बघत होते, ती तसूभर हलेना. तेव्हा बाबा म्हणाले, "त्या वेळी वायर कमी पडली होती, त्याने स्वयंपाकघराच्या वर जोड मारला होता." स्टुलावर चढून चुलीच्या वरचा जंक्शन बॉक्स उघडला. आत वीतभर काळी टेप, तेलकट, वर कोळिष्टकं. टेप सोडवली तर आठ तारा हाताने पिळलेल्या, प्रत्येकीला वेगळी टेपसुद्धा नाही. दोन तारांची पूर्ण पावडर झालेली. स्लॅबचं पाणी वरून, फोडणीची वाफ खालून.

शेडच्या कॅमेऱ्याला खरंच १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे, ओटीवरून सोडलेला.

क्रिंपिंगवाला

मिळाला बघा चोर. सहा वर्षं टिकला याचंच नवल.

बाजारात "कॅट-६" छापलेली निम्म्या किमतीची पेटी मिळते ती हीच, सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. कॅट म्हणजे कॅटेगरी, आणि तिच्या मानकांत तांबंच धरलंय, त्यामुळे मुलाम्याच्या केबलीवर कॅट-६ छापणं हे मुळात खोटं. नवीन असताना २० मीटरवर चालून जाते. मग ओल लागली की आतलं अॅल्युमिनियम कुजतं, आणि दोनदा वाकवली की तुटते. ओळखायला सोपं: पेटी उचलून बघा. ३०५ मीटरची पेटी हातात हलकी लागली तर ठेवून द्या.

टीव्हीची केबल काढू नका. दोन्ही टोकं नीट क्रमाने पुन्हा करा, भिंतीत कीस्टोन जॅक (लॅनचा सॉकेट) बसवा आणि पंच करा, म्हणजे तारा टूलने त्याच्या खाचांत दाबा. पीळ अगदी जॅकपर्यंत ठेवा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका. जोड नाही, ओल नाही, लांबी कमी आहे, चालेल तोवर चालवा. तिच्यावरून वीज मात्र पाठवू नका.

खोलीच्या केबलीचा तो जोड पुन्हा नीट करायच्या फंदात पडू नका. अॅल्युमिनियमचा जोड त्याच ओलीत पुन्हा जाणार. नेहमी मी जुन्या केबलीच्या शेपटीला नवी बांधून पाईपातून ओढून घेतो. तुमची हलत नाही म्हणजे बेंडात सिमेंट गेलंय किंवा पाईप दबलाय. जोर लावू नका. केबल ओढताना ११ किलोच्या वर ताण द्यायचा नसतो, आणि सीसीए त्याआधीच तुटून पाईप कायमचा बंद करील.

तुमचं घर कौलारू आहे ना? मग भिंत कशाला फोडायची? वळचणीखालून न्या. ओटीच्या वाशाखालून निघून, घराच्या बाजूने, मागच्या पडवीच्या स्लॅबखाली आणि खिडकीच्या चौकटीतून वर. बाहेरची केबल घ्या, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, आत पूर्ण तांबं. आतली पांढरी-निळी पीव्हीसीची केबल उन्हाने तडकते. खिडकीतून आत शिरायच्या आधी केबलीला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून गळून जाईल. बाबांच्या रंगाला धक्का नाही.

थ्रीफेज

पॉवरलाइनबद्दल, कारण प्रश्नात होतं आणि कोणी बोललं नाही. आमच्या कोल्हापूरच्या बंगल्यात लावून बघितलंय. खोक्यावरचा आकडा विसरा. एकाच फेजवर, जवळच्या दोन सॉकेटांत बऱ्यापैकी मिळतं. थ्री-फेज मीटर असेल आणि वरची खोली वेगळ्या फेजवर गेली असेल तर जेमतेम जोडणी होते, किंवा होतच नाही. अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लागतो, स्पाइक बस्टरमध्ये लावलात तर त्यातला फिल्टर सिग्नल खातो. इन्व्हर्टर असेल तर अजून मजा, लाईट गेली की काही सॉकेट वेगळ्याच सर्किटवर जातात. स्वस्त एलईडी बल्ब आणि चार्जर जो आवाज वायरीत सोडतात त्याने संध्याकाळी स्पीड निम्मा. आमच्याकडे मिक्सर लागला की मुलाचा क्लास थांबायचा. दुकानदार परत घेणार असेल तरच आणून बघा.

माजघर

@थ्रीफेज, आमच्याकडे सिंगल फेज आहे, पण माझी खोली इन्व्हर्टरवर आणि ओटी थेट लाईनवर. तो मार्ग बाद.

जर्सीकर

इकडे न्यू जर्सीत आमच्या घरात प्रत्येक खोलीत कोॲक्सचा, म्हणजे केबल टीव्हीच्या वायरीचा, पॉइंट आहे. त्या वायरीतून नेट नेणारे मोका अडॅप्टर दोन टोकांना लावले, जवळजवळ वायरीइतका स्पीड. तुमच्याकडे जुन्या केबल टीव्हीची वायर भिंतीत असेल तर विचार करा.

क्रिंपिंगवाला

@जर्सीकर, तुमच्याकडे उत्तमच. इथे दोन अडचणी. अडॅप्टर सहज मिळत नाहीत. आणि छतावर डिश असेल तर त्या वायरीत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल खाली येत असतो, मोका ११२५ ते १६७५ मध्ये चालतं. दोघं एकाच वायरीत नांदत नाहीत. पण ताई, भिंतीत जुन्या केबल टीव्हीची बंद पडलेली वायर असेल तर तिचा एक उपयोग आहे. ती मोकळ्या पाईपातून गेलेली असते आणि ओढायला दणकट. तिच्या शेपटीला नवी लॅन बांधा.

सड्यावरचा

शेडच्या केबलीबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. मी पण रत्नागिरी जिल्ह्यातला, सड्यावर घर. ही ६० मीटर तांब्याची तार बाहेर ठेवू नका. मे महिन्यातली वीज आणि परतीच्या पावसातली वीज आपल्याला नवीन नाही. ती केबलीवर पडायची गरजच नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत झटका उभा राहतो आणि राउटरचा पोर्ट घेऊन जातो. कातळात अर्थिंगही धड लागत नाही, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टरवर फार भरवसा ठेवू नका. आमच्याकडे कॅमेरा, स्विच आणि राउटर एकाच रात्रीत गेले होते.

उपाय फायबर. काचेतून वीज येत नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणाऱ्या डब्या). एकाच फायबरवर चालणारा सेट घेतलात तर एक ए आणि एक बी असतो, एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो, दुसरा १५५० वर. दोन्ही ए आणलेत तर दिवा लागणार नाही. कनेक्टरचा रंगही बघा, हिरवा हिरव्याला आणि निळा निळ्याला. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्यात खुपसलं तर सिग्नल जातो. खांबावरून लोंबणाऱ्या चपट्या ड्रॉप केबलीत एक पोलादी तार असते, ती घरात आणू नका, बाहेरच तोडून हुकाला बांधा. नाही तर वीज त्या तारेने आत आलीच. जोडायचं काम लाइनमनला सांगा, त्याच्याकडे स्प्लायसर असतो.

कॅमेऱ्याला वीज शेडमधूनच द्या. तिथे लाईट आहे ना?

बिनतारी जोडणी म्हणाल तर ५ गिगाहर्ट्झच्या दोन बाहेरच्या डिश एकमेकींकडे तोंड करून लावता येतात. त्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ पासून विनापरवाना आहे, ६० मीटर म्हणजे किरकोळ. पण मध्ये कलमं असतील तर नको. ओल्या पानांतून ५ चा सिग्नल जात नाही. उन्हाळ्यात लावाल, जूनमध्ये रडाल.

माजघर

@सड्यावरचा, मध्ये हापूसची कलमं आहेत आणि बाबा एक फांदी तोडू देणार नाहीत. म्हणजे फायबर. शेडमध्ये लाईट आहे.

घरातल्या वायफायचं काय करू? आईचा फोन स्वयंपाकघरात, बाबा मागच्या पडवीत झोपाळ्यावर बातम्या लावून. दोघांना राउटरशी काही देणंघेणं नाही, पण नेट गेलं की हाक मलाच.

भटक्या_सातारकर

मी मेश म्हणालो तेव्हा हे चिरे डोळ्यासमोर नव्हते. तरी मेश पूर्ण बाद करू नका. नोडला नेट हवेतून न देता वायरीने द्या, बहुतेक सेटांत ती सोय असते. हवेतून दिलं तर एकाच रेडिओवर घेणं आणि देणं दोन्ही चालतं, म्हणजे स्पीड तिथेच अर्धा. टीव्हीची केबल नीट झाली की एक नोड माजघरात टीव्हीमागे वायरीवर, दुसरा तुमच्या खोलीत वायरीवर. मग मधल्या भिंती कशाही असोत.

क्रिंपिंगवाला

हे बरोबर. दोन गोष्टी जोडतो. माजघरावर लाकडी माळा असेल तर नोड टीव्हीमागे दडपू नका, उंचावर ठेवा. लाकडातून सिग्नल बरा जातो, चिऱ्यातून नाही. चिरा पाणी पितो, आणि ओला चिरा कोरड्यापेक्षा जास्त सिग्नल खातो. म्हणून जागा पावसात ठरवा. मे मधली टेस्ट ऑगस्टमध्ये खोटी ठरते. आणि २.४ ला चॅनेल १, ६ किंवा ११ च ठेवा, आपोआप वर सोडू नका. वाडीत फार राउटर नसतील, पण तुमचेच दोन नोड एकमेकांवर ओरडायला नकोत. एकाला १, दुसऱ्याला ११.

माजघर

झालेलं सांगते. १०० चा जुना स्विच शाळेतल्या मॅडमकडे मिळाला, त्याच संध्याकाळपासून मीटिंगमध्ये तुटणं बंद. टीव्हीची दोन्ही टोकं मी स्वतः केली, पंच टूल केबलवाल्याचं. पहिल्या जॅकवर रंग बघून बघून डोळे दुखले, पण आता त्याच केबलीवर २८० च्या वर मिळतात. तार एकही बदलली नाही, फक्त हिरवा आणि निळा आपापल्या जागी गेले.

पाऊस उघडल्यावर वळचणीखालून काळी केबल ओढली. बाबांनी स्वतः शिडी धरली आणि खिळे कुठे मारायचे तेही त्यांनीच ठरवलं, कारण वासे सागाचे आहेत. खोलीत लिंक १००० वर ठाम. शेडचं फायबर लाइनमन पुढच्या आठवड्यात करतोय. कन्व्हर्टर ए आणि बी आलेत, खोक्यावर बघून घेतलं. मेशचा सेट मागवलाय. टेपवाला जोड कापून काढला आणि चुलीवरचा तो बॉक्स बंद करून टाकला.

एकच राहिलं. लाईट गेली की माझी खोली इन्व्हर्टरवर चालू, पण ओटीवरचं ओएनटी आणि राउटर बंद. इन्व्हर्टरची वायर ओटीपर्यंत आणायची तर परत भिंत.

थ्रीफेज

मिनी यूपीएस मिळतो, लहान डबीएवढा, त्यातून थेट डीसी निघतं. ओएनटी आणि राउटर दोन्हींच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही राउटर ९ चे निघतात, त्यांना १२ दिलंत तर जातील. पिनेचा प्लस आत आहे की बाहेर, ते चिन्हही बघा. अडॅप्टरवरच्या अँपिअरची बेरीज यूपीएसच्या आउटपुटपेक्षा कमी हवी.

माजघर

ओएनटी १२ व्होल्ट १ अँपिअर, राउटर १२ व्होल्ट दीड अँपिअर, दोन्हींना प्लस आत. म्हणजे अडीचच्या वरचा बघते. आणि मेशच्या माजघरातल्या नोडचा अडॅप्टर आल्यावर तोही वाचते, त्याला वेगळा लागेल असं दिसतंय.